‘इंदिया’ म्हणून नोंदलेली आजी : हालिस्कोतल्या एका घराच्या वंशावळीच्या नोंदी

११ जानेवारी २०२४

नवऱ्याच्या मेक्सिकन नागरिकत्वासाठी कागद जमवतोय. त्यासाठी सासूबाईंचा जन्मदाखला हवा होता, तो आज मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यातून आला. पाकीट फोडलं आणि तासभर हलले नाही. दाखल्यावर बाळाचं नाव, आईवडिलांची नावं आणि त्याखाली दोन्हीकडच्या आजी-आजोबांची, चौघांचीही. एका कागदात तीन पिढ्या. मेक्सिकोच्या नागरी नोंदवहीची ही पद्धत मला माहीत नव्हती. राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांनी २८ जुलै १८५९ ला जन्म-विवाह-मृत्यूची नोंद चर्चकडून काढून सरकारकडे आणली, तेव्हापासूनच्या या वह्या. हुआरेस स्वतः सापोतेक या मूलनिवासी समाजातले, ओआहाकातल्या गेलाताओ या डोंगरी खेड्यात जन्मलेले.

सासूबाईंना दाखला वाचून दाखवला. आजीच्या नावाशी त्या थांबल्या, डोळे पुसले. मी म्हटलं, आणखी मागे जाऊ या का? त्या म्हणाल्या, “जा की मिहा (म्हणजे बाळा), पण मागे काय सापडणार? आम्ही लोस आल्तोसचे. सगळे स्पॅनिशच.”

हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. लोस आल्तोस म्हणजे हालिस्कोच्या ईशान्येचा उंच, कोरडा, तांबड्या मातीचा मुलूख. गोरे लोक, घोडे, गुरं, कट्टर कॅथलिक घराणी अशी त्याची ओळख. सासूबाईंचं गाव हालोस्तोतित्लान. आता हे नावच नावात्ल या मूलनिवाशांच्या भाषेतलं, त्यात स्पॅनिश काहीही नाही. हे मात्र मी त्यांना बोलले नाही.

५ फेब्रुवारी २०२४

आज मेक्सिकोत सान फेलिपे दे हेसूसचा सण. सासूबाई सकाळीच मेणबत्ती लावून बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, नागासाकीच्या टेकडीवर १५९७ साली याच तारखेला ज्या सव्वीस जणांना क्रुसावर दिलं, त्यांत तुमचा फेलिपे होता, तसा आमच्या वसईचा गोन्सालो गार्सियाही होता. दोघांनाही संतपद मिळालं ते एकाच दिवशी, १८६२ साली. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. हे त्यांना अगदी नवीन होतं. चहा निवेपर्यंत विचारत राहिल्या. त्याचे आईवडील कोण? मी सांगितलं, बाप पोर्तुगीज, आई आमच्याकडची.

“मग तो पोर्तुगीज की तुमचा?”

“आमचा.”

“म्हणजे तुम्ही आईवरून धरता.”

मला पुढे काय बोलावं सुचेना. पण या कामाला दिशा मिळाली ती या वाक्याने. वडिलांकडची बाजू आडनावाच्या आधाराने कुणीही शोधतं. मी सासूबाईंची आई, तिची आई, तिची आई अशी सरळ बायकांची ओळ धरून मागे जाणार.

घरच्यांनी सांगितलंय की नावं लिहायची नाहीत. म्हणून पायऱ्यांना आकडे दिलेत. सासूबाई १, त्यांची आई २, आजी ३, असं वर चढायचं.

२४ फेब्रुवारी

२ आणि ३ दोन संध्याकाळींत सापडल्या. मेक्सिकोतल्या पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वह्यांची मायक्रोफिल्म मॉर्मन चर्चच्या लोकांनी गेल्या शतकात घेतली, ती आता फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर घरबसल्या फुकट बघता येते. २ चा जन्म १९२१ चा, नागरी दाखला आणि बाप्तिस्म्याची नोंद दोन्ही आहेत. ३ चा १८९३.

२ चा धाकटा भाऊ मात्र कुठेच सापडेना. सासूबाईंनी लगेच कारण सांगितलं. मामा १९२७ चा, क्रिस्तेरो लढाईतला. कायेस सरकारचे धर्मविरोधी कायदे ३१ जुलै १९२६ पासून लागू झाले, बिशपांनी देवळातली उपासना थांबवली आणि लोस आल्तोस पेटलं. फादर लपून राहायचे, बाप्तिस्मे कुणाच्या तरी धान्याच्या कोठीत व्हायचे. जून १९२९ मध्ये तडजोड झाल्यावर काही नोंदी मागाहून वह्यांत चढल्या. मामाची सप्टेंबर १९२९ मध्ये मिळाली, दोन वर्षांचा असताना. समासात फादरने लिहिलंय की पाणी घरी दिलं होतं. याच पॅरिशच्या सांता आना दे ग्वादालुपे वाडीत जन्मलेले फादर तोरिबिओ रोमो २५ फेब्रुवारी १९२८ ला सैनिकांच्या गोळ्यांनी मेले, आता ते संत आहेत. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात त्यांचा फोटो आहे, फ्रिजवर. उद्या त्यांचा दिवस.

१७ मार्च

४ : जन्म १८६६. फ्रेंच फौजा आणि माक्सिमिलियानच्या बादशाहीचा काळ. नागरी वहीत ती नाही, पॅरिशच्या वहीत आहे. आईवडील, आजी-आजोबा, धर्मपिता-धर्ममाता, सगळे व्यवस्थित. माझं बालपण वसईच्या चर्चच्या आवारात गेलं, अशा वह्या उघडल्या की मला घरी आल्यासारखं वाटतं. मांडणी तीच : कोणी, कुठे, कोणत्या दिवशी, बाप्तिस्म्याचं पाणी, तेल, क्रिस्म हे अभिषेकाचं तेल.

२८ एप्रिल

दीड महिना वाया गेला, तो का गेला ते लिहून ठेवते.

५ चा बाप्तिस्मा मला १८३१ मध्ये मिळाला होता. आईवडील बरोबर, वाडीही बरोबर. तिच्यावरून पुढचं सगळं रचलं. पण मग १८६६ मध्ये मूल होताना तिचं वय पस्तीस, आणि त्यानंतरही तिला पाच मुलं. अशक्य नाही, पण मनाला पटत नव्हतं. शेवटी दफनांची वही काढली. ऑगस्ट १८३३, तीच वाडी, तेच आईबाप, दोन वर्षांची मुलगी, कारण कॉलरा. त्या उन्हाळ्यात कॉलऱ्याने मेक्सिको झोडपून काढला होता. त्या वहीत पानंच्या पानं एकाच शब्दाची आहेत. काही ठिकाणी फादरचं अक्षर इतकं घाईचं की दिवसाला किती मेले ते अक्षरावरूनच कळावं.

त्याच जोडप्याला १८३८ मध्ये पुन्हा मुलगी झाली आणि तिला मेलेल्या बहिणीचंच नाव ठेवलं. खरी ५ ही.

हा सापळा जुनाच आहे, सगळे जाणकार सांगतात. तरी मी अडकले. आता नियम केलाय : बाप्तिस्मा सापडला की पुढच्या दहा वर्षांची दफनं बघितल्याशिवाय पायरी पक्की धरायची नाही.

त्या दोन वर्षांच्या मुलीचीही नोंद ठेवलीय. वंशावळीत तिच्याखाली कोणी नाही, पण तिच्या आईला ती झाली होती.

१२ मे

५ पर्यंत एक गोष्ट कुठेच दिसली नाही, जात. त्याचं कारण कायद्यात आहे. १७ सप्टेंबर १८२२ ला, स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच, मेक्सिकोत हुकूम निघाला की सरकारी कागदांत आणि पॅरिशच्या वह्यांत माणसाचा वंश लिहायचा नाही, सगळे नागरिक. हुकूम न्यायाचाच. पण माझ्यासारख्या शोधणाऱ्याला १८२२ ही भिंत आहे. अलीकडे सगळे नुसते माणूस. भिंतीपलीकडे प्रत्येकाच्या नावाला शेपूट लावलेलं : एस्पान्योल म्हणजे स्पॅनिश, इंदिओ म्हणजे मूलनिवासी (बाई असेल तर इंदिया), मुलातो म्हणजे आफ्रिकी-स्पॅनिश, आणि मेस्तिसो, कोयोते, कास्तिसो, लोबो अशी मिश्र वंशांची नावं. पुष्कळ पॅरिशांत एस्पान्योल लोकांची वही वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी.

आज पहिल्यांदा भिंतीपलीकडे गेले. ६ चा बाप्तिस्मा, १८०९. “एस्पान्योला”. सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, “बघ.”

९ जून

७ सापडली. आणि सगळं हललं.

६ च्या आईवडिलांचं लग्न १८०३ चं. त्यात ७ ला ‘एस्पान्योला’ लिहिलंय. वाडी आणि आईवडील धरून तिचा बाप्तिस्मा शोधला, तो १७८२ मध्ये निघाला. मी पान मोठं करून तीनदा वाचलं. मेस्तिसा. तीच मुलगी, तेच आईबाप, तीच वाडी. दफनांची वही पाहिली, त्या नावाची दुसरी कोणी मेलेली नाही. एकवीस वर्षांत मेस्तिसाची एस्पान्योला झाली.

हे कसं होतं ते नीट समजून घेतलं. अठराव्या शतकात मेक्सिकोत जातींची चित्रं काढायची पद्धत होती, सोळा चौकटींची, प्रत्येकीत आई, बाप आणि मूल. मिगेल काब्रेरा या चित्रकाराने १७६३ मध्ये काढलेली प्रसिद्ध आहेत. त्यांतलं गणित असं : एस्पान्योल आणि इंदिया यांचं मूल मेस्तिसो. मेस्तिसो आणि एस्पान्योला यांचं कास्तिसो. कास्तिसो आणि एस्पान्योला यांचं पुन्हा एस्पान्योल. म्हणजे इंदिया आजीच्या पणतवंडाला कागदावर एस्पान्योल म्हणायची सोय रीतसर होती. प्रत्यक्षात तेवढंही थांबत नसत. नवरा एस्पान्योल, घरात चार गुरं, अंगावर बरं कापड, ओळख दाखवणारे साक्षीदार बरे, की फादर विचारत बसत नसे. आणि उलटही. काही घरांत एकाच जोडप्याची तीन मुलं तीन जातींची लिहिलेली पाहिली, कारण तिघांच्या वेळी फादर वेगळे. म्हणून मी आता ‘ती मेस्तिसा होती’ असं लिहीत नाही. ‘१७८२ मध्ये मेस्तिसा लिहिलीय’ असं लिहिते.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. एक कागद पुरेसा नाही.

३० जून

नवऱ्याने सुचवलं म्हणून सासूबाईंनी लाळेची चाचणी दिली होती, मे महिन्यात. त्या स्वतःहून तयार झाल्या, स्पॅनिश असल्याची खात्री होती म्हणून. निकाल आला. निम्म्याहून जास्त दक्षिण युरोप, ३१ टक्के अमेरिकेतले मूलनिवासी, थोडा आफ्रिकी भाग, बाकी किरकोळ. आणि आईकडून मुलीकडे जाणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची शाखा ए२.

सगळ्यात बोलकं हे शेवटचंच. ही शाखा बाप देऊ शकत नाही, मधल्या नवऱ्यांनी ती पुसता येत नाही. आई मुलांना देते, पुढे चालवतात फक्त मुली. ए२ ही अमेरिकेतल्या मूलनिवाशांची शाखा, सायबेरियाच्या बाजूने हजारो वर्षांपूर्वी उतरलेल्या लोकांची. म्हणजे सासूबाई, त्यांची आई, आजी, पणजी अशा सरळ ओळीच्या वरच्या टोकाला इंदिया बाईच आहे. यात ‘बहुतेक’ नाही.

३१ टक्क्यांचंही गणित मांडलं. समजा ७ ची आई म्हणजे ८ हीच एकटी इंदिया असती. ती सासूबाईंच्या सात पिढ्या वर. त्या पातळीवर १२८ पूर्वज, तिचा वाटा सरासरी पाऊण टक्का. ३१ टक्के व्हायला १२८ पैकी चाळीसेक जागा भराव्या लागतात. म्हणजे ज्या घराला आपण सगळे स्पॅनिश वाटतो, त्या घराच्या अनेक फांद्यांवर कुणी ना कुणी इंदिया किंवा इंदिओ बसलेले आहेत, आणि बहुतेकांच्या पुढे कधीतरी एस्पान्योल लिहिलं गेलं.

आफ्रिकी भागाचाही माग एका फांदीवर लागला, सासऱ्यांकडे नाही, सासूबाईंच्याच आजोबांकडे : १७६० च्या सुमारास एक ‘मुलाता लिब्रे’, स्वतंत्र मुलाता. लोस आल्तोसच्या वह्यांत अशा नोंदी भरपूर आहेत, त्याविषयी कोणी बोलत नाही. मेक्सिकोत गुलामगिरी बंद केली ती राष्ट्राध्यक्ष व्हिसेन्ते गेरेरो यांनी, १८२९ मध्ये, आणि ते स्वतः आफ्रिकी वंशाचे होते. देशाच्या पूर्ण जनगणनेत आफ्रो-मेक्सिकन लोकांना पहिल्यांदा मोजलं ते २०२० मध्ये. पंचवीस लाखांहून जास्त भरले. त्या बाईची वेगळी फाईल उघडलीय. तिचं काम वेगळं करायचं, घाईत नाही.

१ जुलै

काल रात्री सासूबाईंना निकाल दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला, म्हणाल्या, “यंत्र चुकत नाही का?” आणि झोपायला गेल्या.

१४ जुलै

दोन आठवडे त्या विषय काढत नव्हत्या. आज भांडी पुसताना आपण होऊन बोलल्या. त्यांची आजी, म्हणजे माझी ३, मक्याचं पीठ दगडी मेतातेवर गुडघे टेकून वाटायची. घरात हाताने फिरवायची गिरणी आली होती तरी. कुणी बाहेरचं आलं की मेताते गोणपाटाखाली झाकायची. “का झाकायची ते मला तेव्हा कळायचं नाही.” मग म्हणाल्या, “तिच्या वेण्या कमरेखाली होत्या. काळ्याभोर, म्हातारपणीही.”

मी काही बोलले नाही, फक्त लिहून घेतलं.

१८ ऑगस्ट

८ ला शोधायची वाट अशी. ७ च्या बाप्तिस्म्यात बापाचं नाव-आडनाव आहे, आईचं फक्त नाव, ‘मारिया’ आणि पुढे दुसरं एक नाव. आडनाव नाही. इंदिओ घरांत हीच अडचण. बाप्तिस्म्याचं दुहेरी नाव हेच पूर्ण नाव. बाप हुआन मिगेल, त्याचा मुलगा पेद्रो निकोलास, त्याची मुलगी मारिया दे ला क्रूस. आडनाव बापाकडून येतच नाही, दर पिढीला दोरा तुटतो. कुणी पुढे मालकाचं आडनाव घेतं, कुणी धर्मपित्याचं.

आमच्याकडे हे निराळ्या रीतीने झालं, पण आडनावावर विसंबू नये हा धडा सारखाच. वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते, चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला तोवर. घरोघरी डिसोझा, परेरा, डिमेलो. पाण्यासोबत आडनावही मिळालं. माझे पूर्वज लिस्बनहून आले होते असं कुणी म्हटलं तर आमच्या गावात लोक चक्रावतील. पण तेच हालिस्कोत, स्पॅनिश आडनाव हा स्पॅनिश रक्ताचा पुरावा म्हणून छातीठोक सांगितला जातो.

दोरा तुटतो तिथे धर्मपिता-धर्ममाता बघायचे, साक्षीदार बघायचे, गाव बघायचं. आणि सगळ्यात मोठी आशा ‘इन्फोर्मासिओन मात्रिमोनियाल’वर. लग्नाआधी फादर दोघांची चौकशी करायचा : कुठले, कुणाचे, वय, आधी लग्न झालंय का, नात्यात आहात का. साक्षीदारांच्या जबान्या. तीन सणांच्या मिस्साला लग्नाच्या जाहीर हाका. हे सगळं वेगळ्या बाडांत लिहिलेलं असतं. लग्नाच्या वहीतल्या तीन ओळींच्या मागे कधी कधी चार पानं निघतात.

१७ सप्टेंबर

आज बाडाच्या ३१२ प्रतिमा पूर्ण झाल्या, काही हाती लागलं नाही. अक्षराची सवय मात्र झाली. ‘फ्रान्सिस्को’चं तोकडं रूप, ‘मारिया’साठी एम आणि वर चिकटवलेला बारीक ए, ‘होसेफ’साठी तीन अक्षरं, ब आणि व हवे तसे अदलाबदल. तारखा अंकांत नाहीत, शब्दांत. कागदावर शाई मागून पुढे फुटलेली. चार पानं वाचून झाली की डोळ्यांतून पाणी येतं, मग उठते, कढी फोडणीला टाकते, परत बसते.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सासूबाईंनी ओफ्रेंदा मांडली, झेंडू, पाव, मीठ, पाण्याचा पेला, फोटो. १ नोव्हेंबरला लहान मुलांचं असतं, तेव्हा त्यांनी एक छोटा पेला वेगळा ठेवला होता. विचारलं कुणासाठी. “तू सांगितलंस ना, कॉलऱ्याने गेलेली.”

त्या ऐकत होत्या तर. मला वाटलं होतं एप्रिलमधलं ते बोलणं त्यांच्या कानावरून गेलं.

११ जानेवारी २०२५

सुरुवात करून आज वर्ष झालं, आणि आज ८ सापडली.

प्रतिमा ५४७. फेब्रुवारी १७७७. जवळजवळ चार पानं. वराचा अर्ज आधी : एस्पान्योल, अमुक वाडीचा, आईबापांची नावं, वय बावीस, ‘कमीजास्त’. मला लग्न करायचंय, अमुक हिच्याशी. आणि मग ती ओळ. मी इथे तशीच उतरवते, नाव गाळून :

“मारिया …, इंदिया देल प्वेब्लो दे मितिक, इहा लेहीतिमा दे …”

मितिक गावची इंदिया, औरस मुलगी, आणि पुढे बापाचं आणि आईचं नाव, दोघांचीही दुहेरी बाप्तिस्म्याची नावं, दोघंही ‘इंदिओस’. मितिक म्हणजे हालोस्तोतित्लान पॅरिशमधलं मूलनिवाशांचं खेडं. आजही आहे.

लेखनिकाने शब्द असा लिहिलाय : मोठा वळणदार वाय, मग एन, डी, आय, ए. इंदिया. माझ्या देशाचं नाव. कोलंबसाने चुकीच्या किनाऱ्याला आमचं नाव दिलं आणि ती चूक तीनशे वर्षं लाखो माणसांच्या नावापुढे जात म्हणून लिहिली गेली. भारतातून आलेली मी आणि अमेरिकेतली ही बाई, दोघींसाठी स्पॅनिशमध्ये शब्द एकच. माझ्याजवळ त्या क्षणी कोणी नव्हतं. मी स्क्रीनवर त्या शब्दाला हात लावला.

पुढे तिची स्वतःची जबानी आहे. फादरने तिला एकटीला बोलावून विचारलं, कुणी जबरदस्ती केलीय का. ती म्हणाली, नाही, स्वतःच्या मर्जीने करतेय. वय विचारलं, अठरा, कमीजास्त. नात्यात आहात का, नाही. सही केली नाही, लिहिता येत नाही म्हणून. साक्षीदार तिघं. एक मितिकचा म्हातारा इंदिओ, वय साठ, म्हणाला की तिला जन्मापासून ओळखतो.

हे अवघं सहा ओळींचं. पण अठराव्या शतकातल्या एका इंदिया मुलीचं बोलणं, फादरच्या शब्दांतून का होईना, माझ्यापर्यंत पोचलं. तिच्या नवऱ्याच्या बाजूचे लोक आले होते की नाही ते त्यात नाही. १७७८ मध्ये स्पेनच्या राजाचा लग्नाचा हुकूम इकडे लागू झाला, विषम जातीत लग्न करताना आईबापांची संमती हवी असा. यांचं लग्न त्याच्या वर्षभर आधीचं. एक वर्ष उशीर झाला असता तर? हा विचार डोक्यातून जात नाही.

तपासणी : ७ च्या बाप्तिस्म्यातली आई आणि ही, नावं जुळतात. बापाचं नाव, वाडी जुळते. ७ ची धर्ममाता मितिकची. लग्न १७७७, बाप्तिस्मा १७८२, मध्ये आणखी दोन मुलं, दोघंही ‘मेस्तिसो’. ए२ शाखा जुळते. मी पायरी पक्की धरते.

१९ जानेवारी

तिच्या आईबापांच्या मागे जायचा प्रयत्न केला. आठवडाभर. जमलं नाही आणि कदाचित जमणारही नाही. मितिकमध्ये त्या नावांची चार जोडपी आहेत, वयं कोणाचीच नाहीत. नात्यातल्या लग्नाच्या परवानगीचे कागद, जिथे फादर वंशाची झाडंच काढून देतात, तेही इथे मदत करत नाहीत. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ मध्ये इंदिओंना तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या नात्यात लग्न करायची सूट दिली होती, त्यामुळे त्यांना परवानगी मागायलाच लागत नसे. सूट त्यांच्या सोयीची होती, पण माझ्या हातातला कागद तिने घालवला.

मितिकचे लोक मुळात कोण, हेही एका शब्दात सांगता येत नाही. हा कास्कान लोकांच्या मुलखाचा शेजार. १५४१ च्या मिश्तोन युद्धात त्यांनी नोचिस्त्लानला स्पॅनिशांना मागे रेटलं, पेद्रो दे आल्वारादोसारखा सरदार तिथल्या पळापळीत घोड्याखाली चिरडला आणि काही दिवसांत मेला. युद्धानंतर गावं उठली, नवी बसवली, दक्षिणेचे नावात्ल बोलणारे लोक आणून बसवले. म्हणून ८ च्या पुढे ‘कास्कान’ असं लिहायचा मोह आवरलाय. वहीत ‘मितिकची’ लिहिलंय. तेवढंच लिहिते. लाळेच्या चाचणीतूनही टोळीचं नाव निघत नाही, कुणी काढून दिलं तर विश्वास ठेवू नये.

२ फेब्रुवारी २०२५

कान्देलारियाचा सण. ६ जानेवारीच्या रोस्का या गोड पावातली बाहुली माझ्या तुकड्यात आली होती, त्यामुळे आजचे तामालेस, म्हणजे मक्याच्या पानांत उकडलेलं पीठ, माझ्याकडे. पहाटेपासून सासूबाईंसोबत मक्याची पानं भिजवली, पीठ फेटलं. त्यांची पद्धत अशी की पिठाची गोळी पाण्यात टाकायची, तरंगली तर पीठ तयार. आजीची, म्हणाल्या, म्हणजे ३ ची.

आज त्यांच्याकडे सान हुआन दे लोस लागोसच्या मातेचाही सण. ती मूर्ती मक्याच्या ताटाच्या लगद्याची, मिचोआकानच्या मूलनिवासी कारागिरांच्या पद्धतीची. १६२३ चा पहिला चमत्कार सांगतात त्यात कसरत करणाऱ्यांची मेलेली मुलगी उठते. मातेची मूर्ती त्या मुलीच्या छातीवर ठेवणारी आना लुसिया ही गावची म्हातारी इंदिया. ही गोष्ट सासूबाई लहानपणापासून सांगत आल्यात. आज आना लुसियाशी आल्यावर त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं.

जेवण झाल्यावर मी प्रतिमा ५४७ दाखवली. तीन आठवडे थांबले होते, आजच्यासाठी. त्यांना लॅपटॉपवर वाचता येईना. म्हणाल्या, “छापून आण. मोठं. मला चष्म्याशिवाय दिसेल असं.”

कोपऱ्यावरच्या दुकानातून दुप्पट मोठी प्रत काढून आणली. त्यांनी ती ओट्यावर पसरली, हात पुसले, आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. इंदिया देल प्वेब्लो दे मितिक. मितिकला त्या लहानपणी गेलेल्या आहेत, गाढवावर बसून, कुणाच्या तरी लग्नाला. तिथे आपलं कोणी आहे असं कुणी सांगितलं नव्हतं.

मग विचारलं, “हिच्या आईचं नाव काय?”

सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हटलं. कागदाची घडी घातली नाही, गुंडाळून फेलिपेच्या मेणबत्तीजवळ उभा केला.

५ फेब्रुवारी

आज दोन मेणबत्त्या. सासूबाईंनी विचारून घेतलं, गोन्सालोचं नाव कसं म्हणायचं तुमच्याकडे.

पुढचं काम ठरलंय, त्यांनीच दिलंय : ८ कधी गेली आणि कुठे पुरली ते शोध. हालोस्तोतित्लानची दफनं, १७८२ पासून १८२२ पर्यंत. दोन वह्या बघायच्या आहेत, एस्पान्योल लोकांची आणि बाकीच्यांची. मरताना तिला कोणत्या वहीत लिहिलं, ते दोघींनाही बघायचंय. आज रात्री पहिल्या वहीच्या पान एकपासून.